कुणीतरी ‘सुधारलेली’ टीव्हीआर ग्रिफिथ विकत घेताना

जाहिरात साधारण अशी असते. गडद हिरवी ग्रिफिथ, टप काढलेलं, मागे विटांचं जुनं कोठार, सकाळचं कोवळं ऊन. खाली मजकूर: दुर्मीळ, इंजिन बदललेलं, सस्पेन्शन नवं, ब्रेक मोठे, ‘खर्चाकडे बघितलं नाही’. हे शेवटचं वाक्य दिसलं की मी आधी चहाचं आधण ठेवतो. खर्च झालाही असेल, पण तो कशावर झाला आणि कुणाच्या हातून झाला हे शोधून काढायचं काम आता आपल्या गळ्यात असतं.

मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो. माझ्याकडे टीव्हीआर किमेरा आहे, आणि तिच्या आधी मी एक ग्रिफिथ घेता घेता वाचलो. तेव्हा जे कळलं आणि नंतर मित्रांबरोबर गाड्या बघायला जाऊन जे कळत गेलं, ते क्रमाने लिहितोय. इथे नोकरीला येऊन स्थिरावलेले आणि ‘एकदा तरी उघडी ब्रिटिश गाडी’ असं मनात असलेले आपले बरेच जण आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

आधी, ही गाडी आहे काय

टीव्हीआर मूळची ब्लॅकपूलची. ट्रेव्हर विल्किन्सनने चाळिशीच्या दशकात सुरू केलेली कंपनी. नाव म्हणजे त्याच्याच नावातली तीन अक्षरं. १९८१ मध्ये पीटर व्हीलर या केमिकल इंजिनिअरने ती घेतली, आणि आज लोक ज्या टीव्हीआरसाठी जीव टाकतात त्या बहुतेक त्याच्या काळातल्या. ग्रिफिथ १९९० च्या बर्मिंगहॅम मोटर शोमध्ये दिसली आणि २००२ पर्यंत बनली. शेवटच्या १०० गाड्या खास आवृत्तीच्या होत्या. किमेरा ही तिची थोडी मवाळ धाकटी बहीण. २००६ च्या अखेरीस ब्लॅकपूलचा कारखाना बंद पडला. त्यामुळे ‘कंपनीला विचारून बघू’ हा मार्ग आपल्याला नाही.

ग्रिफिथ ५०० मध्ये ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३४० अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन जेमतेम १,०६० किलो. थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैलांवर जायला चार सेकंदांहून थोडासाच जास्त वेळ. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एअरबॅग नाही. हिला सुपरकार म्हणायचं का यावर इंग्रज लोक पबमध्ये तासभर भांडू शकतात. पावसात एकदा चालवली की तो प्रश्न मागे पडतो.

मूळ गाडीच हाताने बनलेली, म्हणून दोन ग्रिफिथ तंतोतंत सारख्या नसतात. त्यात मालकाने हात घातला की ती जगात एकच उरते. ‘एकमेव’ हे विकणाऱ्याला भूषण वाटतं. घेणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की हिचं मॅन्युअल कुठेच मिळत नाही. मालकाने ठेवलेली फाईल हेच तिचं मॅन्युअल. फाईल नसेल तर गाडी कितीही देखणी असू दे, तुम्ही कोडं विकत घेताय.

पायरी १: खुर्चीत बसूनच निम्मी गाडी तपासा

जाहिरातीत नंबरप्लेट दिसत असेल तर सरकारी संकेतस्थळावर त्या नंबराचा एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास फुकट बघता येतो. दरवर्षीच्या तपासणीत पास की नापास, त्या दिवशी किती मैल झाले होते, तपासणाऱ्याने काय शेरे मारले, सगळं तिथे असतं. नवखे लोक फक्त पास-नापास बघतात. तुम्ही शेरे वाचा. ‘चासीला गंज’ असा शेरा सलग दोन-तीन वर्षं येतो आणि चौथ्या वर्षी गायब होतो, असं दिसलं तर दोनच शक्यता: दुरुस्ती झाली, किंवा वरून काळा थर फासला. दुरुस्ती झाली असेल तर बिल असणारच.

मैलांचे आकडेही बोलतात. दहा वर्षांत जेमतेम हजार मैल चाललेली गाडी ऐकायला छान वाटते, पण उभ्या गाडीचे रबर, सील, ब्रेक आणि टायर म्हातारे होतातच. वर्षाला दोन-तीन हजार मैल नियमित चाललेली टीव्हीआर मी केव्हाही पसंत करेन.

याच टप्प्यावर थोडे पैसे देऊन गाडीवर कर्ज थकलंय का, ती कधी विम्यात ‘राइट ऑफ’ (दुरुस्ती परवडणार नाही म्हणून बाद) झाली होती का, हेही तपासून घ्या. इथे कर्ज गाडीला चिकटून येऊ शकतं.

पायरी २: फोन

भेटायला जाण्याआधी फोन करा आणि जाहिरातीतल्या प्रत्येक बदलाबद्दल चार गोष्टी विचारा. कुणी केला? कधी केला? का केला? काढलेला मूळ भाग कुठे आहे?

यातला चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्याने विचार करून बदल केले त्याच्या गॅरेजच्या फळीवर मूळ भाग खोक्यात बांधून ठेवलेले असतात, वर मार्करने लिहिलेलं असतं. ज्याने हौसेपोटी हाताला येईल ते बदललं तो म्हणतो, ‘ते काय, फेकून दिलं असेल.’ तिसऱ्या प्रश्नाला ‘आवाज भारी येतो’ याशिवाय उत्तर नसेल तर तेही लक्षात ठेवा. आवाज भारी येतोच, त्याबद्दल वाद नाही.

एक विनंती आवर्जून करा: ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ थंड इंजिन बघायला मिळणं फार महत्त्वाचं. मी जी ग्रिफिथ घेता घेता वाचलो, तिच्या बॉनेटवर हात ठेवला तेव्हा ते कोमट होतं. विकणारा गृहस्थ गोड बोलत होता, बिस्किटंही पुढे केली, पण सकाळी नऊला, कडाक्याच्या थंडीत, बॉनेट कोमट का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दुपारी मी ती बंद करून पुन्हा सुरू करायला लावली, तेव्हा उत्तर आपोआप मिळालं. ते पुढे सांगतो.

पायरी ३: रंग बघू नका, आधी खाली झोपा

जुने कपडे, जाड चटई, टॉर्च आणि प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी. एवढं घेऊन जा. शक्य असेल तर जवळच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर गाडी चढवायची परवानगी मागा, त्याचे पैसे तुम्ही द्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाई असली तरी, शिरायचं नाही.

ग्रिफिथची बॉडी फायबरची, ती गंजत नाही. आपल्याकडे जुनी गाडी घेताना पुट्टी शोधायला लोहचुंबक फिरवतात, ती युक्ती इथे पूर्ण निकामी. चुंबक कुठेच चिकटत नाही. पण ही फायबरची टोपी ज्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर बसते तो सांगाडा गंजतो. त्यातही दोन्ही बाजूंना, दाराखालून जाणाऱ्या नळ्या, ज्यांना इथे ‘आउटरिगर’ म्हणतात, त्या आधी जातात. नळ्यांवर पावडर कोटिंग असतं. दगड लागून त्याला टवका उडाला की ओल आत शिरते आणि थराखाली गंज पसरत राहतो. वरून सगळं काळंभोर आणि गुळगुळीत दिसतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने हे काम झपाट्याने होतं.

म्हणून टॉर्च नळीला लागून आडवी धरा. आडव्या उजेडात फुगलेला थर फोडासारखा दिसतो. मग मालकाची परवानगी घेऊन हातोडीने हलकेच टिचकी मारत जा. चांगली नळी टणकन वाजते. कुजलेली नळी ‘डब’ असा बद्द, मेलेला आवाज देते, आणि कधी कधी खपलीच गळून तोंडावर येते. चष्मा घाला. आउटरिगरचा वरचा भाग बॉडीला जवळजवळ टेकलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही; तिथे बोट घालून चाचपायचं. बोटाला खरखरीत पापुद्रे लागले तर उरलेली गाडी बघण्याआधी मनातल्या मनात किंमत उतरवा. आउटरिगर बदलायचे तर काही कारागीर बॉडी थोडी उचलून करतात, पण नीट करायचं तर पूर्ण बॉडी काढून सांगाडा सोलून पुन्हा कोटिंग करतात. खर्च हजारो पौंडांत जातो.

मॉडिफाय केलेल्या गाडीत याच ठिकाणी अजून एक बघायचं. नव्या इंजिनासाठी, मोठ्या एक्झॉस्टसाठी सांगाड्यात कुणी नळी कापली आहे का, नवा कंस वेल्ड केला आहे का? वेल्डची रेघ एकसारखी, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी असेल तर हात सरावलेला आहे. ढेकळं-ढेकळं असतील आणि वर रंग थापला असेल, तर मी तिथून निघतो. सांगाड्यावरचा वाईट हात दुरुस्त करण्यात माझ्या ओळखीतल्या कुणाचंही भलं झालेलं नाही.

पायरी ४: बॉडी, टप, आतली बाजू

यावर फार वेळ घालवू नका. फायबरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, विशेषतः नाकावर आणि दारांच्या कडांना. त्या काढून रंग द्यायचा तर महाग पडतं, पण गाडी चालायची थांबत नाही. मोठा प्रश्न पाण्याचा. टप दोन भागांत असतं: मधला कडक भाग उचलून डिकीत ठेवायचा आणि मागची काच असलेला भाग खाली पाडायचा. सांधे जास्त म्हणजे गळतीही जास्त. पायाशी असलेला गालिचा उचलून खालचा थर पिळून बघा. किमेरामध्ये बॅटरी आणि फ्यूज डाव्या सीटच्या पायाशीच असतात, आणि तिथेच पाणी साचतं, हा योगायोग कुणाला सुचला देव जाणे.

वायरिंगही इथूनच बघा. बदल करणाऱ्यांची खरी ओळख वायरींवरून होते. नवी वायर मूळ जुडग्यातून, वेष्टनातून नेलेली आहे का, की निळ्या-लाल टोप्या लावून अर्ध्यावर जोडली आहे?

पायरी ५: इंजिन, आणि त्यात काय केलंय

मूळ इंजिन रोव्हर व्ही-८. मूळचं अमेरिकन, ब्यूकचं; रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि पुढे रेंज रोव्हरमध्येही तेच लागलं. त्यामुळे या इंजिनाचे बरेच सुटे भाग आजही मिळतात आणि त्याला हात लावणारे मेकॅनिकही मिळतात. त्याची जुनी खोड म्हणजे कॅमशाफ्ट झिजणं. थंड सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत टकटक येऊन थांबली तर हरकत नाही. गरम झाल्यावरही येत राहिली तर कॅमचं शेवटचं बिल विचारा. पन्नास-साठ हजार मैलांवर कॅम बदललेला असणं ही वाईट बातमी नाही, उलट कुणीतरी लक्ष दिल्याची खूण आहे.

सुधारलेल्या गाड्यांत साधारण तीन घराणी आढळतात.

पहिलं, मूळ इंजिनच ठेवून सांभाळून वाढवलेलं. नवा कॅम, हेड्स मोकळी केलेली, आणि जुन्या लुकास कॉम्प्युटरच्या जागी नवा ईसीयू. नवख्याने घ्यायची असेल तर मी हीच सुचवेन. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काढलेला आलेख मागा. कारखान्याचे ३४० घोडे डायनोवर चढवले की बऱ्याचदा कमी भरतात, हे टीव्हीआरवाल्यांना पाठ आहे. त्यामुळे मोजून दाखवलेले ३१० हे तोंडी सांगितलेल्या ४०० पेक्षा मोलाचे. ईसीयूच्या मॅपची (त्यात भरलेल्या सेटिंगची) प्रत आणि पासवर्ड मालकाकडे आहे का, हे विसरू नका. तो नसेल तर पुढचा ट्यूनर शून्यापासून सुरुवात करेल आणि तसेच पैसे लावेल.

दुसरं, सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, बसवलेलं. चांगलं केलेलं असेल तर मजा काही और. पण हवा कोंबली की उष्णता वाढते, पेट्रोल जास्त लागतं, पिस्टनवर ताण येतो. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर बदलले का, हवा थंड करायची सोय काय, हे विचारा, आणि आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तिसरं, रोव्हरचं इंजिन काढून जनरल मोटर्सचं एलएस बसवलेलं. ६.२ लिटरचं एलएस३ कॉर्व्हेटमध्ये कारखान्यातूनच ४३० अश्वशक्ती देत होतं. अ‍ॅल्युमिनियमचं आणि टिकाऊ, आणि त्याच्याबद्दल माहीत असलेली माणसं मुबलक. मग बघायचं ते इंजिनाच्या आजूबाजूला. गिअरबॉक्स कुठला बसवला? डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सलचे दांडे तेवढा जोर सोसतात का? ब्रेक मूळचेच आहेत का? घोडे वाढवणाऱ्याने थांबायची सोय वाढवली नसेल, तर त्याचं मन कुठे होतं ते कळतं.

घराणं कुठलंही असो, शेवटी गाडी जागेवर सुरू ठेवून उभे राहा आणि तापमानाचा काटा बघत राहा. वर चढतो, साधारण ९० च्या पुढे गेल्यावर पंखे घोंघावत सुरू होतात, काटा हळूहळू खाली येतो, पंखे बंद. हे चक्र दोनदा पूर्ण होऊ द्या. तापमान वाढलं की पंखे आपोआप सुरू करणाऱ्या स्विचला इथे ‘ऑटर स्विच’ म्हणतात. तो गेला असला की लोक डॅशबोर्डवर हाताने चालवायचं बटण बसवून मोकळे होतात. तसं बटण दिसलं तर ते जास्तीची सोय म्हणून आहे की स्विच मेलाय म्हणून, हे विचारा.

पायरी ६: चालवणं

आधी त्या दिवसाचा विमा काढा. विकणाऱ्याचा विमा तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, तेही ध्यानात असू द्या. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१६ म्हणजे २०१६ मधला तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांहून जुने असतील तर नक्षी कोरी असली तरी रबर दगड झालेलं असतं. अशा टायरवर, ओल्या रस्त्यावर, ट्रॅक्शन कंट्रोल नसलेली ४०० घोड्यांची गाडी… आधी टायरचे पैसे किमतीतून वळते करा आणि जोर आजमावणं दुसऱ्या दिवसावर टाका.

क्लच जड असतो, स्टिअरिंग फार तल्लख. पहिली दहा मिनिटं नुसतं शहरातून फिरवा. गिअर दुसऱ्यात जाताना खरखरतो का, सरळ रस्त्यावर हात सैल सोडला तर गाडी ओढते का, ब्रेक दाबल्यावर नाक एका बाजूला जातं का. नंतर मोकळ्या रस्त्यावर, रस्ता कोरडा असेल तरच, तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पाय दाबत जा. ताकद एकसलग वाढायला हवी. मध्येच चुकचुकली तर बऱ्याचदा दोष प्लगच्या वायरींचा असतो. त्या तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी जवळून जातात आणि भाजून निघतात.

परत आल्यावर गाडी बंद करा, पाच-दहा मिनिटं गप्पा मारा, आणि पुन्हा किल्ली फिरवा. मघाशी सांगायचं राहिलं होतं ते हेच. त्या ग्रिफिथने फक्त ‘टिक’ म्हटलं आणि गप्प बसली. गरम झाल्यावर स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही, ही या गाड्यांची प्रसिद्ध खोड. जुना इमोबिलायझर (चोरी रोखायची यंत्रणा) आणि लांबून फिरवलेली वायर ही नेहमीची कारणं. दुरुस्ती फार महाग नाही. मी सोडून आलो ते दुरुस्तीच्या खर्चाला भिऊन नव्हे, तर त्याने ते लपवायला सकाळी लवकर उठून इंजिन तापवून बॅटरी भरून ठेवली होती म्हणून. एवढी मेहनत एका वायरीसाठी घेतो, तो माणूस आणखी काय काय झाकत असेल?

पायरी ७: कागद, विमा, पैसे

गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही५सी, हातात घ्या. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. इंजिन बदललं असेल तर नवी क्षमता आणि नंबर डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवलेला असायला हवा. कागदावर ४ लिटर आणि बॉनेटखाली ६.२ लिटर असेल तर आधी मालकाला ते दुरुस्त करायला लावा. व्ही५सीवर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, हे त्या कागदावरच छापलेलं असतं. खरेदीचं बिलही मागा.

विमा कंपनीला प्रत्येक बदल सांगा, चाकांच्या डिस्कपासून ईसीयूपर्यंत. एखादा बदल लपवला आणि अपघात झाला तर दावा अडतो. अशा गाड्यांसाठी ‘मान्य किमतीचा’ विमा घ्या: गाडीची किंमत आधीच दोघांनी ठरवलेली असते, नंतर घासाघीस उरत नाही. त्यासाठी फोटो आणि फाईल लागते. फाईल पुन्हा आलीच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ गाडीला होता आणि आता नसेल, तर एमओटीत ती नापास होते. ‘एमओटीपुरता लावून देतो’ असं म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. लंडनच्या युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लागणाऱ्या भागात, राहत असाल तर नव्वदीतली गाडी बाहेर काढाल त्या प्रत्येक दिवसाला बहुधा साडेबारा पौंड मोजायची तयारी ठेवा.

व्यापाऱ्याकडून घेतलीत तर कायद्याने ३० दिवसांत सदोष गाडी परत करायचा हक्क मिळतो. खासगी मालकाकडून घेतलीत तर गाडी त्याने केलेल्या वर्णनाशी जुळली पाहिजे, एवढंच. म्हणून जाहिरातीची प्रत छापून जवळ ठेवा. गाडीचा रोड टॅक्स नव्या मालकाकडे येत नाही. निघण्याआधी फोनवरूनच भरा.

किमतीबद्दल माझं एकच मत आहे: हातातल्या पैशांतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यात बसेल ती गाडी बघा. आणि सुधारणांवर मालकाने जितके घातले तितके मागत असेल तर हसून चहा संपवा. बदलांवर झालेला खर्च विकताना कुणालाच परत मिळत नाही.

भारतात नेता येईल का?

हे प्रत्येक जण विचारतो, बहुतेक वेळा पुण्यातल्या एखाद्या बंगल्याचं अंगण डोळ्यांसमोर ठेवून. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर साधारणपणे ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाही. शेवटची ग्रिफिथ २००२ ची. त्यामुळे ती इथेच राहणार. आपल्या गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं असतं, ही समजूत मी घालून घेतलीय.

घरी आणताना

पैसे दिले, पावती घेतली, व्ही५सीचा हिरवा तुकडा खिशात आला. आता लगेच निघू नका. विकणाऱ्याच्या अंगणातच टप दोनदा काढून दोनदा बसवा. मधला भाग डिकीत कुठल्या बाजूने सरकतो, मागची काच कुठे अडकते, आतून दार उघडायला मधल्या टनेलवरची मूठ किती फिरवायची, हे त्याच्याकडून करून घ्या. मी हे केलं नव्हतं. किमेरा घरी आणताना एम६ महामार्गावर पाऊस सुरू झाला, आणि मी सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये टपाची चौकट डोक्यावर धरून, उलटी की सुलटी ते ठरवत, वीस मिनिटं भिजत उभा होतो. शेवटी एका ट्रकवाल्याने येऊन ती फिरवून दिली.